चांदीचा चिखल

भिलाईच्या माणसाला भट्टीचे काही शिकवावे लागत नाही, अशी भिलाईच्या माणसाची समजूत असते. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इथल्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि तेव्हापासून या गावात वाढलेला प्रत्येकजण स्वतःला निम्माशिम्मा धातुतज्ज्ञ मानतो. लोखंड किती अंशांवर वितळते हे इथला पानवालाही सांगतो. आकडा चुकलेला असतो, पण आवाजात शंका नसते. मीही इथलाच. फरक एवढाच, की माझी सबंध नोकरी कारखान्याच्या हिशेब खात्यात गेली. ज्या पोलादाचे देशभर रेल्वेरूळ झाले, ते माझ्या टेबलावर कायम टनांच्या आकड्यांत आणि पुरते थंड होऊन आले. विस्तवाशी माझा प्रत्यक्ष संबंध घरच्या गॅसवर चहा ठेवण्यापुरता होता, आणि दूध फारच उतू जायला लागल्यावर सौ.ने ते खातेही स्वतःकडे घेतले होते.

तरीही निवृत्तीनंतर मी घरच्या घरी चांदीचे दागिने करण्याचा घाट घातला. याचे मूळ घडणावळीत आहे. चांदीचा भाव रोज पेपरात छापून येतो. तो मला मान्य आहे. त्यावर 3 टक्के जीएसटी लागतो. जन्म सरकारी कारखान्यात गेल्यामुळे तोही मान्य आहे. पण घडणावळ नावाची जी रक्कम पावतीत मध्येच कुठेतरी उगवते, तिचा दर कुठल्या पेपरात येतो? कुठल्या परिपत्रकात? मुलीच्या लग्नात पैंजणांच्या घडणावळीवरून मी पॉवर हाऊसच्या बाजारातल्या एका दुकानात इतका वेळ घासाघीस केली, की दुकानदाराने मला आधी चहा पाजला, मग जेवणाचे विचारले आणि शेवटी सौ.ला बाजूला घेऊन बाबूजींच्या तब्येतीची चौकशी केली. ज्या खर्चाला व्हाउचर नाही तो खर्च संशयास्पद, हा माझा नोकरीभराचा सिद्धांत.

अशा मनःस्थितीत पुण्याची भाची सुट्टीला आली. तिच्या गळ्यात चांदीचे एक नाजूक पान होते. शिरान् शीर दिसत होती.

"कितीला पडलं?" मी विचारले. नात्यातल्या मुलींच्या दागिन्यांबद्दल मला एवढाच प्रश्न सुचतो.

"मामा, विकत नाही घेतलं. मी घरी केलंय. मातीचं."

"आणि घडणावळ?"

"शून्य."

हा शब्द तिने सहज उच्चारला. त्याचे परिणाम पुढे आमच्या स्वयंपाकघराने भोगले.

माती म्हणजे खरी माती नव्हे. 1990 च्या सुमाराला जपानमध्ये मित्सुबिशी मटेरियल्स या कंपनीत मासाकी मोरिकावा नावाच्या संशोधकाने शुद्ध चांदीची अतिशय बारीक पूड, वनस्पतीजन्य चिकट पदार्थ आणि पाणी एकत्र करून तिचा गोळा केला. तो लाटावा, कापावा, ठसे उमटवावे, वाळवावा आणि भाजावा. भाजताना पाणी आणि चिकट पदार्थ उडून जातात, चांदीचे कण एकमेकांना जुळतात आणि हातात उरते ती 99.9 टक्के शुद्ध चांदी. जपानमध्येच आइडा केमिकल या कंपनीचीही अशी माती निघते. ऐरण नको, हातोडी नको, मूस नको, फुंकणी नको. आणि मुख्य म्हणजे सोनार नको! मला तर हा शोध मित्सुबिशीने खास माझ्यासाठीच लावल्यासारखा वाटला.

खरे तर माती आणि धातू यांचा संसार आमच्या छत्तीसगडला नवा नाही. बस्तरात कोंडागावचे घडवा कारागीर पिढ्यान्पिढ्या ढोकऱ्याच्या मूर्ती करतात. मातीच्या गाभ्यावर मेणाचे धागे गुंडाळून नक्षी करायची, त्यावर मातीचा लेप द्यायचा, भट्टीत मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत पितळ ओतायचे. मोहेंजोदडोची ती प्रसिद्ध नर्तकी याच रीतीने घडली. आमच्या लोकांनी मातीत धातू ओतला, जपान्यांनी धातूचीच माती केली. हे सगळे मी सौ.ला मोठ्या उत्साहाने समजावले. ती नागपूरची. तिने एकच प्रश्न केला, "आणि ते सारं तुम्ही माझ्या ओट्यावर करून राहिले का?"

भाचीने जाताना एक न फोडलेले पाकीट मामाला भेट दिले. 10 ग्रॅम. बाहेरून चॉकलेटच्या वडीएवढे. त्याची किंमत मी नंतर चौकशी करून काढली तेव्हा पहिला धक्का बसला. ग्रॅमला ग्रॅम लावून पाहिले तर ही माती चांदीच्या बाजारभावापेक्षा खूपच महाग पडते. म्हणजे जपानी लोकांनी घडणावळ आधीच कापून घेतली होती. पण फुकटच्या पाकिटाला लेखापरीक्षण लागत नाही, असे म्हणून मी ते डोळ्यांआड केले.

आता राहिली हत्यारे. या छंदाचे तयार संच मिळतात: जाडी राखायच्या पट्ट्या, न चिकटणारा चटई-तुकडा, लाटणे, छिद्रे पाडायच्या नळ्या, वाळवणी, आणि सगळ्यांत वर छोटी विजेची भट्टी, जिच्या किमतीत आमच्या वस्तीत चांगली जुनी स्कूटर येते. हे सगळे टाळता येते, हे मात्र खरे आहे, आणि या लेखातला माझ्या अभिमानाचा भाग इथेच सुरू होऊन इथेच संपतो. लाटणे म्हणून मी नळवाल्याकडून पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा मागून घेतला. जाडीसाठी पत्ते. मातीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन पत्ते ठेवून वरून पाइप फिरवला की साधारण मिलिमीटरभर जाडीची सारखी पोळी लाटली जाते. छिद्रासाठी नारळपाण्याची नळी. घासायला नखांची कानस. हाताला माती चिकटू नये म्हणून खोबरेल तेलाचा हात. ठसा उमटवायला सौ.च्या जुन्या साडीची जरीची किनार. भाजायला पापडाची जाळी. एकूण खर्च: शून्य. पत्ते मात्र शेजारच्या तेलुगू काकांच्या रमीच्या जोडातले होते. सहा पत्ते गेल्यावर त्यांचा डाव बसेना, आणि सत्य उघडकीला येईपर्यंत संशय एका निरपराध मल्याळी सद्गृहस्थावर राहिला.

आमच्या कॅम्प-1 बद्दल दोन शब्द सांगायला हवेत. कारखाना उभा राहत होता तेव्हा कामगारांच्या छावण्या पडल्या. कारखाना झाला, आखीवरेखीव सेक्टर वसले, पण छावण्या उठल्या नाहीत. तेलुगू, मल्याळी, बंगाली, उडिया, पंजाबी, बिहारी, छत्तीसगढी आणि आमच्यासारखे मराठी, सगळे तात्पुरते आलेले लोक आता तिसऱ्या पिढीत तात्पुरते राहतात. घरे एकमेकांना चिकटून. एका घरात काही जळले तर वास चार भाषांत चर्चिला जातो. पुढच्या सगळ्या घटना खासगी राहिल्या नाहीत, त्या यामुळे.

मातीचे पाकीट फोडण्याआधी पोळीच्या कणकेवर हात बसवून घ्यावा, असे भाचीने बजावले होते. मला तो कणकेचा अपव्यय वाटला. आयुष्यभर बजेट सांभाळलेला माणूस तालमीवर खर्च करत नाही. मी थेट पाकीट फोडले. दिवस मे महिन्याचे. भिलाईत पारा 44-45 वर असतो. या मातीतले पाणी उडाले की तिला भेगा पडतात, हे मला वाचून माहीत होते. पण डोक्यावर पंखा आणि खिडकीत कूलर असताना ते किती झपाट्याने उडते, हे पुस्तकात नव्हते. पंखा लावला की माती वाळे, बंद केला की मी वाळे. शेवटी सौ.ने माझ्याकडे आणि मातीकडे एकेकदा पाहिले, आणि ओले फडके आणून मातीवर टाकले.

त्यातून पहिला दागिना ठरला मोदकाचे पदक. भरीव. पोकळ करायचे तर आत जळून जाणारा गाभा लागतो, त्याचा वेगळा खर्च. मोदक सुबक झाला. स्वच्छ राहावा म्हणून तो मी अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलवर ठेवला. चांदीच्या मातीला अ‍ॅल्युमिनियम चालत नाही. दोघांची संगत झाली की चांदीवर डाग आणि खड्डे पडतात. सगळ्या माहितीपत्रकांत हे ठळक अक्षरांत असते. मी माहितीपत्रकातला किमतीचा तक्ता तेवढा वाचला होता.

आता भाजण्याचा प्रश्न. इथे माझे साडूभाऊ प्रवेश करतात. ते कारखान्याच्या सिंटर प्लांटमधून निवृत्त झालेले. मी हिशेब खात्यातला म्हणून त्यांनी मला कधीच खरा भिलाईवाला मानले नाही. माझ्या मोदकाची वार्ता त्यांच्यापर्यंत पोहोचताच ते सायकलवरून हजर झाले. चांदीची पूड न वितळवता भाजून एकजीव करायची, हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"हे तर सिंटरिंग! आम्ही काय वेगळं केलं जन्मभर? लोखंडाच्या खनिजाचा बारीक चुरा तसाच झोतभट्टीत टाकला तर वाऱ्याची वाट अडते. म्हणून त्यात चुनखडी अन् कोकचा चुरा मिसळायचा, भाजायचा, त्याची ढेपळं करायची अन् मग भट्टीला द्यायची. तुमचं हे म्हणजे आमच्या प्लांटचं पिल्लू."

तत्त्व बरोबर होते. फरक एवढाच, की त्यांच्या प्लांटमध्ये चुरा हजार टनांनी येतो आणि थोडे इकडेतिकडे झाले तरी चालते. माझ्याकडे 10 ग्रॅम होते. शिवाय सिंटर प्लांटमधला माल अंशतः वितळतोच. चांदीच्या मातीत नेमके तेच होऊ द्यायचे नसते. शुद्ध चांदी 961 अंशांच्या पुढे वितळते. भाजायची मात्र 650 ते 800-850 अंशांच्या दरम्यान. 650 ला अर्धा तास लागतो, 800 ला पाचेक मिनिटे पुरतात. कमी भाजली तर दागिना बिस्किटागत मोडतो, जास्त भाजली तर दागिनाच राहत नाही. थर्मामीटर नसेल तर रंगावर नजर ठेवायची: फिकट केशरी-गुलाबी तेज दिसले की वेळ धरायची. ते तेज दिसायला खोलीत अंधार हवा. म्हणून भर दुपारी आम्ही स्वयंपाकघराचे पडदे ओढले, गॅस पेटवला, पापडाच्या जाळीवर मोदक ठेवला आणि दोघेही श्वास रोखून वाकलो.

"भरदुपारी अंधार करून हे दोघे म्हातारे काय करून राहिले?" सौ.चा आवाज आला.

उत्तर मोदकाने दिले. आधी चिकट पदार्थ पेटला, इवलीशी ज्योत निघाली. ती अपेक्षित होती. त्यानंतर जे झाले ते माहितीपत्रकात होते, पण तेही किमतीच्या तक्त्याच्या खाली. माती पूर्ण वाळलेली नसेल तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि वाफेला बाहेर यायची घाई असते. भरीव वस्तू वाळायला वेळ लागतो. मी ती वरून कोरडी दिसली एवढ्यावर समाधानी होतो. फट् असा आवाज झाला. मोदकाचे नाक साडूभाऊंच्या चष्म्यावर आपटले, बाकीचे अंग जाळीवरून घरंगळत बर्नरच्या भोकात गेले. साडूभाऊंनी चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाले, "ओलावा जास्त होता. आमच्याकडे हे टेस्ट करायला वेगळा माणूस असतो."

बर्नर खोलून तुकडे काढले. त्यावर अ‍ॅल्युमिनियमचे डाग होतेच. सौ.ने बर्नर माझ्याकडून पुन्हा बसवून घेतला, आणि नंतर येऊन स्वतः पुन्हा बसवला.

उरलेल्या मातीत पाणी घालून मी लगदा केला. भाचीने केले होते तसे पान करायचे. त्याची रीत सोपी आणि खरोखर स्वस्त आहे: जाड शिरांचे ताजे पान घ्यायचे, त्याच्या मागच्या बाजूला ब्रशने चांदीचा पातळ लगदा लावायचा, वाळू द्यायचा, पुन्हा लावायचा. असे आठ-दहा थर झाले की भाजायचे. पान जळून जाते आणि त्याच्या शिरांसकट चांदीचे पान मागे राहते. कॅम्प-1 मध्ये शोभेची पाने कुठली? तेलुगू काकांच्या अंगणात कढीपत्त्याचे झाड होते. पत्त्यांचे प्रकरण मिटलेले नसल्याने मी भिंतीवरून हात लांब करून एक डहाळी काढली. थर द्यायला लागलो, पण प्रत्येक थर वाळेपर्यंत काय करायचे हा प्रश्न होता. दोन थरांत मला दोनाचे चार झाल्याचा भास व्हायला लागला. थोडक्यात, थर कमी पडले. एक थर लवकर वाळावा म्हणून मी पान तव्यावरही ठेवले.

तरीही ते भाजून निघाले. जाळीवरून उतरवले तेव्हा ते चुन्यागत पांढरेफटक होते, आणि साडूभाऊंनी 'गेले' असा निर्वाळाही दिला. इथे मात्र माझा अभ्यास कामी आला. भट्टीतून निघालेली चांदी पांढरीच दिसते, कारण पृष्ठभागाचे कण खडबडीत असतात आणि प्रकाश विखुरतो. तारेच्या ब्रशने घासली की खालची चांदी चमकते. ब्रशऐवजी भांड्यांची तारेची घासणी घेतली, मग स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घोटले, आणि खरोखर चकाकी आली! पण थर पातळ असल्याने पानाला तीन भोके पडली होती. निसर्गाची इतकी हुबेहूब नक्कल झाली होती की कीडसुद्धा उमटली होती.

त्या वेळी आमच्याकडे पलीकडच्या गल्लीतल्या छत्तीसगढी आजी आल्या होत्या. हातात ऐंठी, गळ्यात सुता, पायांत वजनदार तोडे, सगळे चांदीचे आणि सगळे लग्नातले. त्यांनी कढीपत्ता उलटसुलट करून पाहिला.

"एला कोन पहिरही?" त्यांनी सौ.ला विचारले. म्हणजे, हे घालणार कोण?

सौ.ने माझ्याकडे पाहिले. तिच्या नजरेत नकार नव्हता, नुसता विस्मय होता. मी म्हणालो, "तुझ्याकरता अंगठी करतो. हे तर नमुन्यादाखल होते."

अंगठीसाठी मी पदरचे पैसे घालून नवे पाकीट मागवले. माती भाजल्यावर आकसते, हे मला ठाऊक होते. जुन्या प्रकारची मित्सुबिशीची माती तर 28 टक्क्यांच्या आसपास आकसायची. हल्लीची 8 ते 12 टक्के. 10 टक्के धरू. दहा टक्के म्हणजे आमच्या खात्यात किरकोळ तफावत; तिच्यावर कोणी स्पष्टीकरण मागत नाही. पण सौ.च्या बोटाला 17 मिलिमीटर व्यासाची अंगठी लागते. तिच्यातून 10 टक्के गेले की 15.3 उरतात, आणि परिघ 5 मिलिमीटरहून जास्त घटतो. हे गणित मी अंगठी भाजून झाल्यावर केले. अंगठी गुळगुळीत, जरीच्या किनारीचा ठसा उमटलेली, माझ्या मते देखणी होती. ती सौ.च्या करंगळीच्याही पहिल्या पेरावर अडली. आमची नात चार वर्षांची. तिच्या अंगठ्यात ती नीट बसली आणि मग निघेना. साबण, खोबरेल तेल, आजीची अंगाई, सगळे उपाय झाले. वस्तीतल्या चार भाषांतल्या बायका सल्ला द्यायला जमल्या. शेवटी दोऱ्याची बंगाली युक्ती यशस्वी झाली, आणि त्या बंगाली काकूंनी मला 'दादा, आपनी एकटु बिश्राम कोरून' असा सल्ला दिला.

विश्रांतीचा प्रश्नच नव्हता. दुसरी अंगठी मी बेतशीर मोठी केली, एक अख्खा दिवस वाळवली, तेही तव्याविना. या वेळी मी सगळे पुस्तकाप्रमाणे केले, आणि म्हणूनच जे घडले त्याचे दुःख अधिक आहे. गॅसची आच कमी पडते असे साडूभाऊंचे मत झाले होते. त्यांच्या मते आच कमी पडणे हे प्रत्येक अपयशाचे कारण असते. पॉवर हाऊसच्या हार्डवेअरच्या दुकानातून त्यांनी ब्युटेनची हाती ज्योत आणली. छोट्या दागिन्यांना ती चालतेच, पुष्कळ लोक तिच्यावरच भाजतात. विटेवर अंगठी, पडदे बंद, मी घड्याळ धरून, साडूभाऊ ज्योत धरून. केशरी-गुलाबी तेज आले. मला तर भरून आले. वेळ मोजायला सुरुवात केली. ज्योत फिरती ठेवायची, जवळ न्यायची नाही, आणि पृष्ठभाग एकाएकी पाऱ्यागत लकाकला तर तत्क्षणी काढायची, कारण ती वितळण्याआधीची शेवटची सूचना असते.

अंगठी लकाकली.

"बघा, चमक आली!" साडूभाऊ आनंदाने म्हणाले आणि ज्योत आणखी जवळ नेली.

चांदी वितळली की तिचा कल गोल व्हायचा असतो. वाकड्यातिकड्या वस्तू करायला जन्म घालवावा लागतो. गोळी एका क्षणात होते. विटेवर एक सुबक, टपोरी, निर्दोष गोळी थरथरत होती. साडूभाऊ म्हणाले, "टॅपिंग छान झालं." मला त्या दिवशी त्यांच्याशी बोलायला जमले नाही.

मोदकाचे तुकडे, किडका कढीपत्ता, अंगठ्यात अडकणारी अंगठी आणि गोळी, एवढे भांडवल रुमालात बांधून मी पॉवर हाऊसला गेलो. लग्नात घासाघीस केलेल्या दुकानात जाण्याचे धैर्य नव्हते, म्हणून दुसरे दुकान गाठले. सोनाराने गोळी कसाला लावली.

"माल खरा है, बाबूजी. एकदम शुद्ध." मग कढीपत्ता उचलला. "ये किसने बनाया?"

"एक ओळखीचे आहेत," मी म्हणालो.

मोड म्हणून वजन झाले. भाव लावला, घट कापली. मला शेवटची आशा वाटली. मी विचारले, "आणि घडणावळीचं काय धरता?"

तो हसला नाही. सोनार धंद्यात हसत नसावेत. "बनवाई तो दे दूँगा बाबूजी, पर इसमें तो बिगड़वाई है. वो आपको देनी पड़ेगी."

गोळीची अंगठी करून द्या, असे मी सांगितले. तो तिथेच कामाला बसला. आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच मी पावतीकडे न पाहता हातांकडे पाहत राहिलो. गोळी ठोकली, पट्टी काढली, पुन्हा तापवली कारण ठोकून चांदी कडक होते, पुन्हा ठोकली, सळईवर वळवली, टोके टेकवली, टाकणखार आणि डाकाचा कण ठेवला, फुंकणी ओठांत धरली. ज्योत अंगठीभोवती फिरली. डाक पाझरला त्या क्षणी, त्याच्या आधी नाही आणि नंतर नाही, ज्योत बाजूला झाली. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही, पडदे नाहीत, साडू नाही. ज्योत कधी काढायची, या एका गोष्टीसाठी आम्ही दोघा पेन्शनरांनी जी रक्कम उडवली होती, तिच्यात सौ.चे पैंजण घडणावळीसकट आले असते.

त्याने घडणावळ सांगितली. मी दिली. सुट्ट्या पैशांचाही आग्रह धरला नाही. सौ.ला हे कळल्यावर तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

ज्यांना या नादी लागायचेच आहे, त्यांच्यासाठी हिशेब खात्याचा शेवटचा शेरा. हत्यारांत खुशाल काटकसर करा. पत्ते, पाइप, नळी, चमचा यांनी काही अडत नाही, फक्त पत्ते स्वतःचे घ्या. आधी कणकेवर हात बसवा. सुरुवात सपाट, पातळ आणि नाण्याएवढ्या पदकाने करा. अंगठी पहिल्या वर्षी नको. अ‍ॅल्युमिनियम घरातून बाहेर ठेवा. वाळवण्यात वेळ वाचवू नका आणि विस्तव पाहुण्याच्या हाती देऊ नका. आणि पुढच्या वेळी सराफाकडे पैंजण घ्यायला जाल तेव्हा चांदीच्या भावावर हवे तेवढे भांडा, पण घडणावळीचा आकडा ऐकून मुकाट्याने खिशात हात घाला. ती रक्कम वाजवी असते.